माझ्याकडे तर चालतंय! (निवेदन)

(काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं खालून वर पळतायत)

हे जे पळतंय ना, ओके १, ओके २, ओके ३, ते अकोल्यात माझ्या कपाटावर ठेवलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर चाललंय. कोड कुणाचा, तर मला माहीत नाही, खरंच माहीत नाही. जगात कुठेतरी कुणीतरी पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतलं आपलं मॉड्यूल, म्हणजे इतरांनाही वापरता येईल असा कोडचा तयार तुकडा, आज अपलोड केलं आणि माझ्या लॅपटॉपने ते उतरवून घेऊन त्याच्या टेस्ट, म्हणजे लेखकानेच सोबत दिलेल्या तपासण्या, चालवायला घेतल्या, मी तेव्हा जेवत होतो.

(लॅपटॉपसमोर टेबल फॅन, वायरला सुतळी बांधलेली)

फॅन बघून हसू नका. मे महिना आहे. मला वारा नाही मिळाला तरी चालेल, याला लागतो. या कामाला स्मोक टेस्टिंग म्हणतात, नवीन सर्किटला करंट दिला की धूर निघतो का ते बघायचं, तिथून आलेला शब्द, आणि हे दिवसरात्र करणाऱ्या मशीनला म्हणतात स्मोकर. घरात स्मोकर आहे म्हटलं की आई अजून दचकते.

(जुन्या वेबपानाचा स्क्रीनशॉट, हळूहळू झूम)

थोडं मागे जाऊ. १९८७ मध्ये लॅरी वॉलने पर्ल काढली. १९९५ च्या ऑक्टोबरात सीपॅन सुरू झालं, म्हणजे पर्लची मॉड्यूल्स ठेवायचं सार्वजनिक कोठार, ज्याला जे लिहावंसं वाटलं त्याने ते आणून टाकायचं आणि बाकीच्यांनी फुकट न्यायचं. आज तिथे दोन लाखांहून जास्त मॉड्यूल्स आहेत. आता कोठार म्हटलं की कीडपण आली. लिहिणाऱ्याकडे असतं एक मशीन, फार तर दोन, आणि वापरणारे असतात लिनक्सवर, विंडोजवर, मॅकवर, फ्रीबीएसडीवर, सोलारिसवर, कुणी तर व्हीएमएसवर पण. लिहिणारा म्हणणार माझ्याकडे तर चालतंय, आणि तो खोटं बोलत नसतो हीच तर पंचाईत आहे.

१९९८ मध्ये ग्रॅहम बार आणि ख्रिस नँडोर यांनी सीपॅन टेस्टर्सची कल्पना काढली. कल्पना अगदी साधी, ज्याच्याकडे जे मशीन आहे त्याने त्यावर मॉड्यूल उतरवायचं, टेस्ट चालवायच्या आणि काय झालं ते कळवायचं. पगार नाही, सर्टिफिकेट नाही. सुरुवातीला रिपोर्ट मेलने जायचे आणि बरेचदा लेखकालाही कॉपी जायची. मग टेस्ट आपोआप चालवणारे प्रोग्रॅम आले आणि लेखकांच्या मेलबॉक्सची जी अवस्था झाली ती सांगत नाही, लोक वैतागले. २०१० मध्ये मेल बंद करून रिपोर्ट थेट सर्व्हरवर जायची सोय झाली. ही सगळी आकडेवारी आणि साईट बरीच वर्षं सांभाळली ती ब्रिटनमधल्या बार्बी नावाच्या प्रोग्रॅमरने. हो, बार्बीच, पर्लच्या जगात त्याला सगळे याच नावाने ओळखतात.

(स्क्रीनवर एक पूर्ण रिपोर्ट, हळूहळू खाली सरकतोय)

आता हा रिपोर्ट नीट बघा, घाई नको, कारण सगळी मजा यातच आहे. सगळ्यात वर निकाल. पास म्हणजे सगळ्या टेस्ट बरोबर निघाल्या. फेल म्हणजे एखादी तरी पडली. एनए म्हणजे हे मॉड्यूल या सिस्टिमसाठी नाहीच, लेखकाने तसं कोडमध्येच लिहून ठेवलेलं असतं. आणि अननोन, म्हणजे टेस्टच नाहीत किंवा निकाल लावता येईना. चारच शेरे.

पण खरा माल खाली आहे. कोणतं पर्ल, ते कोणत्या कंपायलरने (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) बांधलं, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती आणि तिची कितवी आवृत्ती, पूर्णांक ३२ बिटांचे की ६४ बिटांचे, हे मॉड्यूल ज्या दुसऱ्या मॉड्यूल्सवर उभं आहे त्यांची आवृत्ती काय, आणि मग टेस्टचं सगळं आउटपुट जसंच्या तसं. तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही असा फोन येतो ना आपल्याला, काय एरर आली विचारलं तर समोरचा म्हणतो काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं आणि मी बंद केलं, तर हा रिपोर्ट म्हणजे त्याच्या बरोब्बर उलटं.

माझा लॅपटॉप ३२ बिटांचा आहे. भंगारवाला ३०० रुपये देत होता. पण ३२ बिटांच्या पर्लमध्ये ४२९ कोटींच्या वरचा आकडा पूर्णांक म्हणून मावत नाही, आणि हे नवीन लॅपटॉपवर बसून कोड लिहिणाऱ्या पोराच्या ध्यानीमनी नसतं, म्हणून माझं हे डबडं अजून कामाचं आहे. आणि हो, अनोळखी लोकांचा कोड आपल्या मशीनवर चालवायचा म्हणजे धोका आहेच. त्यामुळे बँकेचं, फोटोंचं, घरचं काहीच यावर नाही, वेगळं मशीन, वेगळा युजर. कुणी करणार असाल तर हे आधी करा, बाकी नंतर.

(हिरव्या-लाल चौकोनांचा तक्ता)

हा तक्ता मॅट्रिक्स म्हणून ओळखला जातो, स्लावेन रेझिचने केलेला, जो स्वतः एक दांडगा टेस्टर आहे. उभ्या रांगांत ऑपरेटिंग सिस्टिम, आडव्या रांगांत पर्लच्या आवृत्त्या, हिरवं म्हणजे पास आणि लाल म्हणजे फेल. एक क्षण नुसतं बघा.

(चार सेकंद निवेदन नाही)

आता माझी स्वतःची फजिती. २०१४ ची. मी एक छोटं मॉड्यूल लिहिलं होतं, गावांच्या नावांची यादी दिली की त्या त्या नावाची फाईल बनवून द्यायची, नावं मराठीत, देवनागरीत. टेस्टमध्ये सहा नावं घातली, अकोला, अमरावती, पातूर, बाळापूर, मेळघाट आणि शेवटी वऱ्हाड. फाईल बनवायची, मग फोल्डर वाचायचं, आणि नाव तेच आहे का बघायचं. माझ्याकडे सहाच्या सहा ओके. टाकलं सीपॅनवर आणि झोपलो.

सकाळी सर्व्हरकडून निकालाचा मेल. डार्विनवर फेल. डार्विन म्हणजे मॅक, पर्ल मॅकला त्या नावाने ओळखते.

(रिपोर्टचा क्लोजअप, दोन ओळी एकाखाली एक)

हे बघा. वरच्या ओळीत मिळालेलं नाव, खालच्या ओळीत अपेक्षित नाव. वऱ्हाड, वऱ्हाड. सांगा फरक. मी अर्धा तास बघत होतो, चष्मा पुसून बघितलं, मोठ्या अक्षरात करून बघितलं. मला वाटलं टेस्टरचंच मशीन गंडलंय, आणि तसा खोचक मेल पण लिहायला घेतला होता, नशीब पाठवला नाही.

(कागदावर पेनाने: ऱ)

भानगड या अक्षरात होती. वऱ्हाडातला, कुऱ्हाडीतला, तऱ्हेतला हा ऱ. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तो दोन प्रकारे लिहिता येतो, एक सबंध अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याच्या खाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशा दोन तुकड्यांत. दिसायला सारखंच. पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, पहिला प्रकार ३ बाइटचा आणि दुसरा ६ बाइटचा. लिनक्स तुम्ही दिलेलं नाव मुकाट्याने ठेवून घ्यायचं. मॅकची तेव्हाची एचएफएस प्लस फाईलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाईली ठेवायची व्यवस्था, मात्र नाव साठवताना अशा अक्षरांचे तुकडे करायची, त्यामुळे मी ठेवलं ३ बाइटचं ऱ आणि परत मिळालं ६ बाइटचं. अकोल्यात ऱ नाही, बाळापुरात नाही, म्हणून पाच पास आणि आमचं वऱ्हाडच तेवढं फेल.

इलाज दोन ओळींचा होता, पर्लसोबतच युनिकोड नॉर्मलाइझ नावाचं मॉड्यूल येतं, तुलना करायच्या आधी दोन्ही नावं त्यातून काढून एका साच्यात आणायची. पुढे २०१७ मध्ये ॲपलने फाईलसिस्टिमच बदलली आणि नवीन एपीएफएस दिलेलं नाव आहे तसं ठेवते. पण तेव्हा माझ्याकडे मॅक नव्हता, आजही नाही, माझ्या ओळखीतही कुणाकडे नव्हता. ज्याच्या मॅकने हे पकडलं त्याला वऱ्हाड काय, मराठी काय, काही माहीत असायचं कारण नाही. त्या दिवशी मी या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं.

(सेटिंगची स्क्रीन, टायपिंग)

सीपॅनच्या शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर, जाऊन रिपोर्टरचं मॉड्यूल टाकायचं, रिपोर्ट पाठवू का या प्रश्नाला हो म्हणायचं आणि नाव-ईमेलची एक ओळखफाईल बनवायची. एवढंच. त्यानंतर तुम्ही नुसतं काही इन्स्टॉल जरी केलंत तरी रिपोर्ट जातो. कपाटावर मशीन ठेवून रात्रंदिवस चालवणं हा पुढचा आजार आहे. सगळ्यात डोक्याला ताप कोण, तर टेस्टच्या मध्येच एंटर दाबा म्हणून थांबणारी मॉड्यूल्स. रात्री २ वाजता कोण दाबणार एंटर? त्यासाठी ऑटोमेटेड टेस्टिंग नावाचा एक झेंडा असतो, तो दिसला की लेखकाने प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरलेलं आहे. काही जण तरी विचारतातच.

बाकी या रिपोर्टांचा उपयोग पर्ल बनवणाऱ्यांनाही होतो. २०१३ मध्ये पर्ल ५.१८ मध्ये हॅशचा, म्हणजे नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या साठ्याचा, क्रम दर वेळी बदलायला लागला, २०१७ मध्ये ५.२६ ने मॉड्यूल्स कुठे शोधायची त्या यादीतून चालू फोल्डर काढलं, दोन्ही वेळा ढिगाने मॉड्यूल्स मोडली आणि बरीचशी आधी स्मोकर्सवरच उघडी पडली. नवीन पर्लमुळे जुनी मॉड्यूल्स मोडण्याला ते लोक ब्लीड ब्रेक्स सीपॅन म्हणतात, थोडक्यात बीबीसी. आत्तापर्यंत कोट्यवधी रिपोर्ट जमा झालेत, त्यातले भरपूर मोजक्याच लोकांच्या मशीनवरून आलेले आहेत.

(झेरॉक्सचं दुकान, काउंटरवरचा विंडोज कॉम्प्युटर)

एक शॉट राहिला. विंडोजवर माझं मॉड्यूल पहिल्यापासून हिरवं, पास, सहाच्या सहा. मी कधी बघायलाच गेलो नव्हतो. शूटिंगच्या निमित्ताने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे चालवून बघितलं. टेस्ट पास. मग फोल्डर उघडलं.

(फोल्डरचा क्लोजअप: सहा फाईली, नावांच्या जागी टोप्या आणि मात्रा लागलेली रोमन गिचमिड)

पर्लने विंडोजकडे नुसते बाइट दिले, विंडोजने ते आपल्या जुन्या कोडपेजमधून, म्हणजे रोमन अक्षरांच्या तक्त्यातून, वाचले, आणि परत मागितल्यावर तेच बाइट जसेच्या तसे आले. टेस्टमध्ये मी तेवढंच विचारलं होतं.

(झेरॉक्सवाला वाकून स्क्रीनकडे बघतोय, थेट आवाज: "भाऊ, हे काय लिहेल आहे?")