दुधाचा नाही, दुधातला दात

मे महिना, दुपारचे साडेचार. सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको, पण विडी घरकुलच्या मोकळ्या जागेत पोरांची मॅच चालूच. बॉल सीझनचा, पीच म्हणजे नुसती खडी. बॉल उसळला तो सरळ किपरच्या तोंडावर. बारा वर्षांचं पोरगं, ओठातून रक्त, आणि समोरचा वरचा एक दात धुळीत.

"अय, दात पडला की बे!"

आता इथून पुढचा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका या अर्ध्या तासात डॉक्टर जवळ नाही. आहेत ती पोरं आणि कोपऱ्यावरचा चहावाला मामा.

दात जरा जवळून बघा. पांढरा भाग रोज आरशात दिसतो तोच, त्याच्या वर पिवळसर लांब मूळ. त्या मुळावर एक ओलसर, पातळ पापुद्रा असतो, दाताला हाडाशी धरून ठेवणाऱ्या जिवंत पेशी त्यातच. दात पडल्यानं या पेशी लगेच मरत नाहीत, सुकल्या की मरतात. तासभर कोरडा राहिला तर फारसं काही हाताला लागत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात, रुमालात गुंडाळून चड्डीच्या खिशात ठेवला तर पापडच की त्याचा!

म्हणून दात पांढऱ्या बाजूनं उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही, शर्टाला पुसायचं नाही, घासायचं तर अजिबातच नाही. माती लागलीय? नळाखाली दहा सेकंद धरा, बास. मग सुलटा आहे ना बघून परत त्याच खाचेत बसवायचा आणि दातांमध्ये स्वच्छ रुमाल धरून हळूच चावून ठेवायचं. ऐकायला भयंकर वाटतं, मान्य, याचा व्हिडिओ शूट करताना आमच्या कॅमेरावाल्यानंच तोंड फिरवलं होतं, पण याच्याइतका भारी उपाय दुसरा नाही.

हिंमत होत नाही? मग दूध. मामाच्या पातेल्यात उकळतंय ते नाही हं, आणि साखरेचं पण नाही, थंड पिशवी फोडायची, ग्लासात ओतायची, दात त्यात टाकायचा आणि निघायचं. पाण्यात ठेवू नका, साध्या पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात. दूध मिळेना तर पोराला पेल्यात थुंकायला लावा, त्याच्याच थुंकीत दात ठेवा.

लहान पोराचा दुधाचा दात पडला तर मात्र परत बसवायचा नाही, वर येऊ घातलेल्या पक्क्या दाताला धक्का बसतो. आणि मार लागून पोरगं बेशुद्ध पडलं, उलट्या करायला लागलं तर आधी सिव्हिल गाठा, दाताचं नंतर.

आमच्या पोराचा दात दुधातून गेला. डॉक्टरांनी तो बसवून शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला, साधारण दोन आठवड्यांसाठी. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी केली, आणि रूट कॅनल करावं लागणार हे पण आत्ताच सांगून टाकलं.

दवाखान्याच्या बाकावर बसलो की बाकीची मंडळी भेटतात. एकीनं दुखऱ्या दाताला मिश्री दाबली होती, एकानं डोकेदुखीची गोळी चुरून हिरडीवर ठेवली, ती हिरडी भाजून पांढरी झालेली. गोळी गिळायची असते हो, लावायची नसते! लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब कापसावर घेतला तर तेवढ्यापुरता आराम पडतो, गाल सुजला तर बाहेरून थंड शेक, गरम नको. सूज गळ्याकडं उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजता सुद्धा हॉस्पिटल गाठा, कारण ती सूज श्वास अडवू शकते.

आणि सोड्याची बाटली दातानं उघडणारे पैलवान, तुमच्याबद्दल काय बोलायचं! पोरांसाठी खेळताना दातांवर घालायचं माऊथगार्ड मिळतं, डॉक्टर मापाचं पण करून देतात. तोंडात बोळा कोंबल्यासारखं वाटतं अशी पोरांची तक्रार असते, दोन मॅचमध्ये सवय होते.

पंधरा दिवसांनी तार निघाली. पोरगं खुर्चीतून उतरायच्या आत विचारतंय, "कडक भाकरी चालंल का?"

"आमटीत चुरून खा अजून."

"आणि किपिंग?"

डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत आईनं उत्तर दिलं.