शब्दांत नसलेला कोल्हा

श्रोतेहो, लहान मुलांच्या चित्रपुस्तकांविषयी बोलणे निघाले की ते बहुतेक वेळा त्यांच्या उपयोगापाशी येऊन थांबते. शब्दसंग्रह वाढतो, वाचनाची गोडी लागते, शाळेची पूर्वतयारी होते. हे सारे खरे आहे आणि त्याविषयी पुढे थोडे बोलणारही आहे. आज मला प्रामुख्याने सांगायचे आहे ते असे, की कल्पनेच्या बळावर उभे राहिलेले चित्रपुस्तक हे दोघांनी मिळून वाचायचे पुस्तक असते. मोठ्या माणसाने शब्द वाचायचे आणि मुलाने चित्र वाचायचे, अशी त्यातली वाटणी आहे. चित्र वाचण्यात मूल आपल्यापेक्षा तरबेज असते, हे आपण मनापासून मान्य केले तर या वाचनाचा आनंद दोघांनाही कितीतरी अधिक मिळतो.

मुलांसाठी सचित्र पुस्तक काढण्याची कल्पना जुनी आहे. योहान आमोस कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे ‘ऑर्बिस पिक्टस’ १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रांमधल्या वस्तूंना आकडे दिलेले होते आणि तेच आकडे शेजारच्या लॅटिन व जर्मन मजकुरात होते; म्हणजे शब्दाचा अर्थ डोळ्यांना दाखवणे, हे चित्राचे काम होते. त्या काळाच्या मानाने हे पाऊल फार मोठे होते. पण आज आपण ज्यांना कल्पनारम्य चित्रपुस्तके म्हणतो, त्यांत चित्र शब्दाच्या मागे मागे चालत नाही. शब्द जे बोलत नाहीत ते चित्र सांगते, क्वचित शब्दांना खोटेही पाडते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे पॅट हचिन्स यांचे १९६८ सालचे ‘रोझीज वॉक’. मूळ इंग्रजीत या संपूर्ण पुस्तकाचा मजकूर अवघ्या ३२ शब्दांचा, एका वाक्याचा आहे. एक कोंबडी फिरायला निघते, अंगण ओलांडते, तळ्याला वळसा घालते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते, एवढेच ते वाक्य सांगते. चित्रांत मात्र तिच्या पाठोपाठ एक कोल्हा आहे. तो झेप घेतो आणि दाताळ्यावर पाय पडून तोंडावर मार खातो, पुन्हा झेप घेतो आणि तळ्यात पडतो. कोंबडी मात्र मान ताठ ठेवून चालतच राहते. मजकुरात कोल्ह्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. वाचणारा मोठा माणूस शांत आवाजात अंगण आणि तळे यांविषयी बोलत असतो आणि मूल ओरडत असते, “मागे बघ, मागे बघ!” जे वाचणाऱ्याला ठाऊक नाही असे दिसते, ते आपल्याला ठाऊक आहे, या जाणिवेने मूल अक्षरशः फुलून येते. हे पुस्तक ऐकताना एका मुलीने झेपावणाऱ्या कोल्ह्याचे पान येताच आपला तळहात कोंबडीवर झाकून धरला आणि पान उलटू देईना, हे मी पाहिले आहे. तिला उलटा उपदेश करावा किंवा घाई करावी, असे त्या क्षणी कोणालाही वाटले नसते.

मोठी माणसे इथेच चुकतात. आपली नजर सवयीने अक्षरांकडे जाते आणि अक्षरे संपली की बोटे पान उलटू लागतात. गोष्ट ऐकताना मुलांची नजर कुठे असते, याचा अभ्यास नेत्रहालचाली टिपणाऱ्या यंत्रांच्या साहाय्याने झाला आहे. अजून वाचता न येणारी मुले जवळजवळ सगळा वेळ चित्राकडेच पाहतात, मजकुराकडे फारच थोडा वेळ, असे त्यातून दिसले. तेव्हा आपले वाचून झाले म्हणजे पान संपले असे नाही. मुलाचे पाहून होईपर्यंत थांबावे, आणि पान उलटण्याचे काम शक्यतो त्यालाच द्यावे.

पान उलटणे ही या कलेतली महत्त्वाची क्रिया आहे. छापखान्यात मोठा कागद घड्या घालून १६ पानांचा फर्मा होतो आणि त्यामुळे पुष्कळशी चित्रपुस्तके ३२ पानांची असतात. एवढ्या मोजक्या जागेत कुठल्या पानाच्या टोकाला श्वास रोखायचा आणि पुढच्या पानावर काय उघड करायचे, हे चित्रकार फार विचारपूर्वक ठरवतो. मॉरिस सेंडॅक यांच्या १९६३ सालच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये आरंभीची चित्रे लहान आहेत, भोवती भरपूर पांढरी जागा आहे. गोष्टीतल्या मुलाच्या खोलीत जंगल वाढू लागते तसतसे चित्रही वाढत जाते, पान व्यापते, शेजारच्या पानावर सांडते. आणि त्याचा जंगली प्राण्यांबरोबरचा धिंगाणा ऐन भरात येतो तेव्हा सलग तीन वेळा समोरासमोरची दोन्ही पाने चित्राने भरून जातात आणि शब्द नाहीसे होतात. शेवटच्या पानावर चित्र नाही, थोडेसे शब्द आहेत. त्या निःशब्द पानांवर मोठ्या माणसाला फार अवघडल्यासारखे होते, काहीतरी बोलून ती जागा भरून काढावीशी वाटते. कृपा करून भरू नये. तिथे बोलायचे ते मूल बोलेल, नाचेल किंवा नुसते पाहत राहील.

प्रश्न विचारू नयेत, असे मात्र मी म्हणत नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुमारे दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचताना मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या बोलण्यात भर घालून ते पुढे न्यायला शिकवले होते. महिनाभरानंतर ती मुले इतरांपेक्षा अधिक चांगले बोलू लागल्याचे दिसले. यातला मोकळा हा शब्द महत्त्वाचा आहे. “हा कोणता रंग?” या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत असते आणि मुलाला ते लगेच कळते, गोष्ट थांबून परीक्षा सुरू होते. “हा कुठे निघाला असेल?” या प्रश्नाचे उत्तर दोघांनाही शोधावे लागते. एका पुस्तकात असे दोन-तीन प्रश्न पुरे आहेत.

तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागण्याविषयी पालक कुरकुर करतात. ती कुरकुर समजण्यासारखी असली तरी मुलाची बाजू भक्कम आहे. जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द सारख्याच वेळा ऐकवले गेले, पण काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या गेल्या. शब्द पक्के झाले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांचे. मला त्याहून मोलाचे वाटते ते वेगळेच. पुढे काय होणार ही धास्ती गेली की मुलाची नजर चित्राच्या कोपऱ्यांत हिंडू लागते, आणि चित्रकाराने तिथे लपवलेला उंदीर त्याला सातव्या-आठव्या वाचनात सापडतो.

अगदी तान्ह्या मुलांसाठी पुठ्ठ्याच्या जाड पानांची पुस्तके असतात, आणि ती हाताळली, चावली, आपटली जाणारच. नऊ महिन्यांची बाळे चित्रातली वस्तू बोटांनी उचलू पाहतात, असे जूडी डिलोआश यांच्या प्रयोगांत दिसले. वयाचे दीड वर्ष उलटल्यावर तीच वस्तू ती बोटाने दाखवू लागतात. एवढ्या थोड्या अवधीत चित्र म्हणजे काय हे बाळाला उमगते.

राहिला प्रश्न चित्रात नसलेलेच काही मूल सांगू लागते तेव्हाचा. चित्रात पाण्यावरची बोट असते आणि मूल म्हणते, यात माझा भाऊ झोपला आहे. पुष्कळ पालक हळूच दुरुस्ती करतात. माझे सांगणे असे, की भाऊ कुठल्या बाजूला झोपला आहे, त्याला पांघरूण आहे का, बोट हलली तर तो जागा होईल का, हे त्याला विचारावे, आणि पुढच्या पानावर ती बोट पुन्हा आली तर भाऊ अजून आतच आहे ना, याची आठवण आपणच ठेवावी.