नेल गनचा चाप दाबून धरू नका, परत सांगतोय

नमस्कार मंडळी. आज खरं तर दाराच्या चौकटी काटकोनात कशा बसवायच्या ते दाखवणार होतो. ते पुढच्या वेळी. मागच्या व्हिडिओत मी छताच्या फळ्या ठोकताना दिसलो आणि त्याखाली निम्म्याहून जास्त कॉमेंट एकाच गोष्टीवर आल्या. "दादा, किती हळू मारताय! चाप दाबून धरा आणि नुसती गन टेकवत जा, टपाटप होतं काम." एका मुलाने तर स्वतःचा व्हिडिओच पाठवला. चाप दाबलेला, गन फळीवर उड्या मारत चाललेली, आणि डावा हात खिळ्यापासून जेमतेम चार बोटांवर. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. वेग चांगला आहे रे बाळा, पण त्या हाताकडे बघून माझ्या पोटात गोळा आला. म्हणून आज फक्त नेल गन, म्हणजे हवेच्या दाबाने किंवा बॅटरीवर खिळे ठोकणारी ही गन.

आधी जे सगळ्यांना माहीत आहे ते भराभर उरकतो. डोळ्यांना गॉगल, बाजूनेही झाकणारा. कानाला मफ किंवा प्लग, कारण या गनचा एकेक ठोका फार मोठा असतो आणि दिवसाला असे हजारो बसतात. पायात जाड बूट. हवेचा दाब गनवर लिहिलाय तेवढाच, उगाच वाढवायचा नाही. आणि कंप्रेसरऐवजी ऑक्सिजनचं किंवा दुसऱ्या कुठल्या गॅसचं सिलिंडर कधीच जोडायचं नाही, गन फुटते. झालं. हे मॅन्युअलमध्येही आहे, वाचा.

आता चाप, म्हणजे ट्रिगर. (गन कॅमेऱ्याजवळ. होज, म्हणजे हवेचा पाइप, काढलेला. मॅगझिन, म्हणजे खिळ्यांचा कप्पा, रिकामं.)

नीट बघा. या गनला दोन कुलुपं आहेत. एक हा चाप. दुसरं हे नाकावर पुढे आलेलं टोक, सेफ्टी टिप. टिप लाकडावर दाबली जाऊन आत सरकत नाही तोवर खिळा सुटायला नको, यासाठी ती बसवलेली असते. दोन्ही उघडली की खिळा सुटतो, इथपर्यंत सगळ्या गन सारख्या. फरक आहे तो कुठलं कुलूप आधी उघडायचं यात.

एका प्रकारात क्रमाचं बंधन नाही. आधी चाप दाबा, मग टिप टेकवा, खिळा सुटणार. चाप सोडू नका, परत टेकवा, परत सुटणार. याला कॉन्टॅक्ट ट्रिगर म्हणतात, साइटवर सगळे बंप म्हणतात. दुसऱ्या प्रकारात क्रम ठरलेला आहे. आधी टिप लाकडावर दाबायची, नंतर चाप ओढायचा. एक खिळा गेला की दोन्ही सोडायचं, गन उचलायची, परत पहिल्यापासून. हा फुल सिक्वेन्शियल. यांच्या मधले एक-दोन प्रकारही येतात आणि प्रत्येक कंपनी त्यांना वेगळं नाव देते, त्यामुळे डब्यावरच्या नावावर जाऊ नका. तुमच्या हातातली गन कुठली आहे ते कसं ओळखायचं, ते शेवटी करून दाखवतो.

आता बंप गनचा चाप दाबून धरला की काय होतं ते समजून घ्या. पहिलं कुलूप तुम्ही आधीच उघडून ठेवलंत. उरली फक्त टिप. म्हणजे गनचा चाप आता तुमच्या बोटाखाली राहिलाच नाही, तो नाकावर गेला. आणि त्या नाकाला फळी लागली काय, मांडी लागली काय, सारखंच. जे टेकेल त्यात खिळा.

"पण मी सांभाळून धरतो" असंही बऱ्याच जणांनी लिहिलंय. म्हणून तीच गोष्ट आता दुसऱ्या बाजूने सांगतो. खिळा सुटताना गन मागे उसळते, हे तुम्हाला हाताला जाणवतंच. ती उसळली की आपला हात न सांगता तिला परत पुढे ढकलतो. विचार करून नाही, आपोआप. चाप अजून दाबलेला असेल तर ती पुढे येऊन टेकताक्षणी दुसरा खिळा सुटतो, आपल्याला नको असलेला. हा डबल फायर. तो दुसरा खिळा कधी पहिल्याच्या डोक्यावर आदळतो आणि उडतो, कधी फळीच्या कडेला बसून बाहेर निघतो. त्या वेळी गन पहिल्या जागेवर राहिलेलीच नसते, ती कुठे वळली हे तुम्ही ठरवलेलं नसतं. जोर लावून, तिरकं, डोक्याच्या वर, अडचणीत काम करत असाल तर हे जास्त होतं. नवीन माणसाकडून तर फारच, कारण तो घाबरून गन दाबून धरतो. तुम्ही कितीही सांभाळा, उसळणं तुमच्या हातात नाही. हातात आहे ते फक्त बोट काढणं. फुल सिक्वेन्शियल गनमध्ये हा दुसरा खिळा सुटतच नाही, कारण दोन्ही सोडल्याशिवाय ती पुढचा खिळा देत नाही.

आता तिसरी बाजू. ही मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आमच्याबरोबर एक मुलगा होता. सहा वर्षं गन चालवलेला, हात अतिशय साफ. वरच्या वाशांचं काम संपवून शिडी उतरत होता. उजव्या हातात गन, होज लावलेला, आणि बोट सवयीने चापावर. शेवटून दुसऱ्या पायरीवर पाय सरकला. पडला नाही, सावरला. पण सावरताना माणूस काय करतो? हातात असेल ते घट्ट आवळतो. बोट आवळलं गेलं, गन झुलून त्याच्याच गुडघ्यावर आली, आणि सव्वातीन इंची खिळा डोक्यापर्यंत आत. तो ओरडलासुद्धा नाही. खाली बघत राहिला. मी शिडी धरून उभा होतो आणि मलाही दोन क्षण कळलं नाही की झालं काय. त्या वेळी तो एकही खिळा ठोकत नव्हता. काम संपलेलं होतं.

तेव्हा ठोकत असताना चाप दाबून धरू नका, एवढंच मी म्हणत नाहीये. गन हातात आहे आणि नाक लाकडावर टेकलेलं नाही, तर बोट चापाच्या बाहेर. चालताना बाहेर, वळताना बाहेर, कोणाशी बोलताना बाहेर. शिडी चढायची, उतरायची, गन दुसऱ्याच्या हातात द्यायची, खाली ठेवून जायचं किंवा अडकलेला खिळा काढायचा असेल, तर आधी होज काढा. कपलर मागे ओढला की निघतो, दोन सेकंद लागतात. बॅटरीची गन असेल तर बॅटरी काढा. "बॅटरीवाली आहे, तिला पाइप नाही, ती सेफ आहे" असं लिहिणाऱ्यांनी हे परत ऐका. पाइप नाही, खिळा आहेच. आणि टिपची स्प्रिंग काढून टाकणारे, चापाला तार गुंडाळणारे जे महाभाग आहेत त्यांच्याशी मला वादच घालायचा नाही. तसली गन दिसली की मी ती साइटवरून बाहेर काढतो, मालक कोणीही असो.

आता वेगाचं बोलू, कारण खरा आक्षेप तोच आहे आणि तो मला मान्य आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला वेळ म्हणजे पैसा. अमेरिकेतल्या निऑश आणि ओशा या दोन सरकारी संस्थांनी २०११ मध्ये नेल गनवर ठेकेदारांसाठी एक पुस्तिका काढली. तिच्यात एका अभ्यासाची माहिती आहे. अनुभवी सुतारांना एकसारख्या छोट्या शेड दोन्ही प्रकारच्या ट्रिगरने उभारायला दिल्या. बंप गनने खिळे मारण्याचा वेळ सरासरी १० टक्के वाचला. ऐकायला बरं वाटतं ना? पण पूर्ण शेड उभारायला लागलेल्या वेळात तो फरक १ टक्क्याहूनही कमी निघाला. कारण आपला दिवस खिळे मारण्यात जातच नाही. तो मापात जातो, कापण्यात, उचलण्यात, ओळंबा धरण्यात. आणि ट्रिगर कुठला यापेक्षा गन कोणाच्या हातात आहे याने जास्त फरक पडला. त्याच पुस्तिकेत हेही आहे की बंप ट्रिगरने इजा होण्याचा धोका सिक्वेन्शियलच्या दुप्पट. आता तुम्हीच हिशोब करा. बोटात खिळा गेला की तीन आठवडे घरी बसायचं, ते कुठल्या टक्क्यात धरायचं?

आणि हे फक्त साइटवरच्या लोकांचं नाही. २००१ ते २००५ या काळात अमेरिकेत दर वर्षी सरासरी ३७,००० माणसं नेल गनच्या जखमा घेऊन इमर्जन्सी विभागात गेली, आणि त्यातली दहापैकी चार कामगार नव्हती. घरी कुंपण, शेड, कपाट करणारी साधी माणसं होती. घरच्या कामासाठी भाड्याने गन आणणाऱ्यांनो, मी तुमच्याशीही बोलतोय. तुम्हाला तर शिकवणारंही कोणी नसतं.

आता त्या पाठवलेल्या व्हिडिओतल्या डाव्या हाताकडे येऊ. सगळ्यात जास्त इजा हाताला आणि बोटांनाच होते. कारण फळी धरणारा हात तिथेच असतो. "मी नाक नेमकं ठेवतो" म्हणाल. नाक तुम्ही ठेवता, खिळा पुढे कुठे जाईल ते लाकूड ठरवतं. मध्ये गाठ लागली, आधीचा खिळा लागला, धातूची पट्टी लागली, की तो वळतो आणि फळीच्या बाजूने बाहेर येतो.

(डावा हात कॅमेऱ्यासमोर.) हे बोट बघा. एवढंच मिटतं. बावीस वर्षांपूर्वी, गाठ लागली, खिळा वळला, बाजूने निघून या सांध्यात. रक्त जवळजवळ नाही. दुखलंही फार नाही तेव्हा. मी पक्कड घेतली, ओढून काढला, चिंधी बांधली आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. आठवड्याने बोट लाल, मग काळपट, मग ताप. खिळे एकमेकांना जोडून ठेवणारी जी पट्टी असते तिच्या प्लॅस्टिकचा तुकडा खिळ्याबरोबर आत गेला होता आणि तिथेच राहिला होता. दोन ऑपरेशनं झाली. दोर, म्हणजे शिरेसारखा जो स्नायूबंध असतो, तो परत नीट सरकलाच नाही.

म्हणून हात खिळ्याच्या जागेपासून कमीत कमी १२ इंच लांब. एक फूट. मोजून बघा, वाटतं त्यापेक्षा जास्त असतं. तुकडा छोटा आहे, हात एवढा लांब जात नाही? मग क्लॅम्प लावा. क्लॅम्पला बोटं नसतात. पातळ प्लायच्या मागे कोणी उभं असेल तर थांबा, खिळा आरपार जातो. आणि स्वतःच्या दिशेने कधीच मारायचं नाही, अडचणीच्या जागी साधी हातोडी काढा. गन असली की हातोडी वापरायला लाजायचं, हे कुठून आलं मला माहीत नाही.

आणि खिळा लागलाच तर ओढू नका. लहान दिसला तरी ओढू नका. काही खिळ्यांच्या अंगावर काटे आणि तारेचे तुकडे असतात, ते बाहेर येताना आणखी फाडतात. हाड, नस, स्नायूबंध यातलं काय दुखावलंय ते बाहेरून कळत नाही. बोटात अंगठी असेल तर ती लगेच काढा, सूज आल्यावर निघणार नाही. हात स्थिर ठेवा, स्वतः गाडी चालवू नका, कोणाला तरी बरोबर घेऊन थेट डॉक्टर. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. आणि त्यांना खिळ्यांची पट्टी दाखवा, म्हणजे आत प्लॅस्टिक राहिलंय का कागद का तार, ते शोधता येईल. मी दाखवली असती तर एक ऑपरेशन वाचलं असतं.

चला, आता ओळखायचं कसं. होज काढा, मॅगझिनमधले सगळे खिळे काढा, नाकात एखादा अडकलाय का ते बघा. आता होज लावा. समोर जाड टाकाऊ लाकूड, दोन्ही हात गनवर, नाकासमोर कोणी नाही. बोट चापाला न लावता नाक लाकडावर दाबा. गन चालायला नको. चालली तर ती बिघडलेली आहे, बाजूला ठेवा. नाक उचला, हवेत चाप ओढा. चालायला नको. आता चाप तसाच दाबून ठेवा आणि नाक लाकडावर टेकवा. (ठक्.) ऐकलंत? चालली. म्हणजे ही बंप. आता ही दुसरी. चाप दाबला, नाक टेकवलं. काही नाही. सोडलं, आधी नाक, मग चाप. (ठक्.) ही सिक्वेन्शियल. काही गन मॅगझिन रिकामं असेल तर टिपच आत जाऊ देत नाहीत, तिथे ही चाचणी होणार नाही, मॅन्युअल उघडा किंवा दुकानदाराला विचारा. आणि बंप निघाली तर गन फेकायची गरज नाही. बऱ्याच कंपन्या सिक्वेन्शियल ट्रिगरचा किट सुटा देतात. या पहिल्या गनमध्ये मी तो आत्ताच बसवणार आहे. होज काढला. खिळे नाहीत, परत बघतो. ही पिन बाहेर काढायची, आणि हा जुना चाप असा निघतो.