ट्युनिशिया: न बसलेलं न्यायालय

[दृश्य: बार्दो, संसदेचं बंद फाटक]

ट्युनिस शहर. 26 जुलै 2021ची पहाट. संसदेच्या फाटकाला कुलूप, मागे लष्कराची गाडी. ऐंशी वर्षांचे सभापती राशिद घन्नूशी आत सोडा म्हणून सांगतायत. सैनिक जागचे हलत नाहीत. शेवटी सभापती फाटकाबाहेरच, आपल्या गाडीत बसून राहतात.

आदल्या रात्री राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी टीव्हीवरून पंतप्रधानांना हटवलं आणि संसद स्थगित केली. आधार घेतला राज्यघटनेच्या कलम 80चा. सईद स्वतः घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक. संकटकाळात हे कलम राष्ट्राध्यक्षांना जादा अधिकार देतं, खरंय. पण त्याच कलमात म्हटलंय की या काळात संसद चालूच राहील. आणि तीस दिवसांनंतर, संकट अजून आहे की टळलं, हे घटना न्यायालय ठरवेल.

मग दाद का मागितली नाही कुणी? न्यायालयच नव्हतं.

2014च्या घटनेनुसार त्यात बारा जण बसायचे होते. त्यातले चार संसदेने निवडायचे, 217पैकी किमान 145 मतांनी. पक्षांना एकमेकांची माणसं पटेनात. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, वर्षं गेली, नाव एकच पार पडलं. मार्च 2021मध्ये संसदेने मतांची अट सैल केली, तर सईद यांनी सही करायला नकार दिला. म्हणाले, न्यायालय स्थापायची मुदत केव्हाच टळली. त्यामुळे सगळं खापर एकट्या सईद यांच्यावर फोडणं मला पटत नाही. सत्तेला आवरणारं कुलूप बसवायचं राहून गेलं, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

[दृश्य: रात्रीचा रस्ता, झेंडे, गाड्यांचे हॉर्न]

त्या रात्री लोक जल्लोष करत बाहेर पडले होते. कोविडने घराघरांत माणसं जात होती, हाताला काम नव्हतं, आणि संसदेत हाणामारी चाललेली. त्यांचा संताप खरा होता.

पुढचं भराभर घडलं. 1 जून 2022 रोजी 57 न्यायाधीश बडतर्फ. जुलैत नवी घटना. डिसेंबरात संसदेची निवडणूक, मतदान जेमतेम 11 टक्के.

2024मध्ये मात्र प्रशासकीय न्यायालय ठाम उभं राहिलं. अध्यक्षपदासाठी बाद ठरवलेल्या तिघांना पुन्हा उमेदवारी द्या, असा आदेश त्याने दिला. निवडणूक आयोगाने तो धुडकावला. मतदानाला नऊ दिवस उरले असताना संसदेने कायदा बदलून निवडणुकीचे खटलेच त्या न्यायालयाकडून काढून घेतले. 6 ऑक्टोबरला सईद 90 टक्क्यांहून जास्त मतांनी निवडून आले.

नव्या घटनेतही घटना न्यायालय आहे. नेमणूक राष्ट्राध्यक्षांच्या हातात. 2024च्या त्या मतदानाच्या दिवसापर्यंत तेही स्थापन झालेलं नव्हतं.