चूल पेटण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांत वाटेत कुणी ओळखीचे भेटले की कन्नडमधून ‘ऊटा आतेन्री?’ आणि मराठीतून ‘जेवण झालं काय?’ असे विचारले जाते. जत्रेच्या आमंत्रणात मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो पाहुणा दारात येण्याआधीच विचारायचा असतो: ‘तुम्हाला काय चालतं?’

एकाच घरी मटणाची वाट पाहणारे मामा येतात, गळ्यात तुळशीची माळ असलेले काका येतात, मुलासोबत काम करणारा लिंगायत मित्र येतो आणि चिकोडीकडचे जैन कुटुंबही येते. जैनांची वस्ती इथे नवी नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ सालचे आहे.

अडचण भाजीपेक्षा चटणीत असते. इथल्या घरांत वर्षभरासाठी कुटून ठेवलेल्या तिखटात कांदा आणि लसूण आधीच मिसळलेले असतात. त्यामुळे फोडणीत कांदा घातला नाही, तरी आमटी कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्याला चालत नाही. त्यांच्यासाठी साधी मिरचीपूड, जिरे आणि सुके खोबरे वेगळे वाटावे लागते, आणि कंदमुळे टाळणाऱ्या जैन पाहुण्यांसाठी बटाटाही बाजूला ठेवावा लागतो. मटणाच्या रश्श्यातील फोडी काढून उरलेला रस्सा शाकाहारी पाहुण्याच्या ताटात वाढणे हा आम्हाला पाहुण्याचा अपमान वाटतो.

म्हणून घरातल्या चुलीवर शाकाहारी स्वयंपाक आधी होतो, त्याचे डाव आणि पातेली वेगळी राहतात, आणि मटणाची चूल नंतर परसात पेटते. देवीला दिलेल्या बकऱ्याचे मटण मुस्लिम स्नेह्यांना चालत नाही. हे त्यांना आधी मोकळेपणाने सांगितले, तर तेही पुरणपोळीच्या पंगतीला निःशंकपणे बसतात. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांची पंगत पाचलाच बसवावी लागते, आणि त्या वेळी घरातल्या गर्दीचे निमित्त सांगून चालत नाही.

जोंधळ्याची भाकरी मात्र सगळ्यांना चालते, म्हणून तिचा तवा सकाळपासून उतरत नाही.

आत्ताही फोन वाजतो. पलीकडून नव्या सुनेच्या माहेरची माणसे येत असल्याचे कळते. सासूबाई दोन शब्द विचारतात, ऐकून घेतात, सोललेल्या लसणाची परात बाजूला सारतात आणि पाटा धुवायला घेतात.