अंगणातला करंज

(दृश्य : गंगापूर रोडलगतची बंगल्यांची कॉलनी. मे महिन्यातली दुपार.)

नाशिकमध्ये नवा बंगला उभा राहिला, की अंगणात बऱ्याचदा गुलमोहर लागतो. झपाट्यानं वाढतो, फुलला की डोळे निवतात. पण मूळ मादागास्करच्या या झाडाचं लाकूड ठिसूळ. वळवाच्या वादळात फांदी कडाडून खाली येते. हक्काची सावली हवी असेल, तर करंज लावावा.

करंज हे नदी-ओढ्यांच्या काठचं आपलं झाड. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं तरी सोसतो, उन्हाळ्यात जमीन भेगाळली तरी तगून राहतो. काळ्या जमिनीत येतो, मुरमाडीतही येतो.

(दृश्य : कोवळी पालवी, जवळून.)

त्याचं वेळापत्रक तर आपल्यासाठीच आखल्यासारखं. थंडी सरता सरता पानं गळतात. ऊन हवंहवंसं असतं, तेव्हा ते अंगणात उतरतं. मग थोड्याच दिवसांत चकचकीत पोपटी पालवी फुटते आणि ऊन तापेपर्यंत छत्र पुन्हा दाट होतं. एप्रिल-मेमध्ये जांभळट पांढरी फुलं येतात, मधमाश्यांची झुंबड उडते. खाली सडा पडतो. त्याला कचरा म्हणून जाळू नका, आळ्यातच कुजू द्या.

पानांवर पुष्कळदा बारीक फोड दिसतात. ती अतिसूक्ष्म कोळी-किडींची (माइट्स) करामत. झाड त्यानं मरत नाही, औषध फवारायची गरज नाही. काही फुलपाखरांच्या अळ्याही याच पानांवर वाढतात. फवारणीनं त्याच आधी जातील.

बियांचं तेल कडू, पूर्वी दिव्यात जळायचं. तेल काढून उरलेली पेंड शेतात खत म्हणून जाते. बी मात्र खायचं नाही, घरात लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा.

रोप करायचं, तर वाळलेल्या शेंगेतलं ताजंच बी घ्या; जुनं बी उगवत नाही. पिशवीत रुजवा. पाऊस स्थिरावला, की दोन फूट खड्ड्यात शेणखत घालून लावा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं.

आणि जागा आधी मोजा. मुळं आडवी पसरतात, त्यांतून नवे कोंबही फुटतात. भिंत, पाण्याची टाकी, ड्रेनेज यांपासून किमान पंधरा-वीस फूट सोडा. तेवढं अंगण नसेल, तर करंजाचा हट्ट धरू नका. तिथे पारिजातक बरा.