एंटरप्राइझची बावीस उड्डाणं

(पडदा काळा. यानाच्या ब्रिजवरच्या, म्हणजे नियंत्रण-कक्षातल्या, उपकरणांची टुणटुण. मग संवाद.)

आवाज ओळखीचे आहेत. एंटरप्राइझ या अंतराळयानावरचा विल्यम शॅटनरचा कॅप्टन कर्क, लिओनार्ड निमॉयचा स्पॉक, डिफॉरेस्ट केलीचा तापट डॉक्टर मॅकॉय. चित्र यायच्या आधी फक्त ऐकलं, तर १९६६ ते १९६९ या काळातल्या मूळ 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळमालिकेचाच एखादा न पाहिलेला भाग हाती लागला असं वाटेल.

(चित्र उजळतं. कर्कचा रेखाटलेला चेहरा. फक्त ओठ हलतात.)

आणि चित्र आलं की पहिल्यांदा बघणारा इथेच बिचकतो. मान स्थिर, खांदे स्थिर, भुवई फार तर एकदा वर जाते. मागे एक माणूस हात कंबरेवर ठेवून उभा आहे, तो पूर्ण दृश्यभर तसाच उभा राहतो. अनेक चाहत्यांनी 'स्टार ट्रेक'ची ही अ‍ॅनिमेटेड मालिका पहिल्या पाच मिनिटांत सोडली ती यामुळेच. आज तेच चाहते तिच्याकडे परत येतायत. परत येताना ती कशी बघायची, कुठून सुरुवात करायची आणि बघताना काय खटकणार आहे, ते आधी समजून घेऊ. कारण या मालिकेचं लेखन मोठ्यांसाठीचं आहे आणि चित्रकाम शनिवार सकाळच्या मुलांच्या बजेटमधलं. दोन्हींचा मेळ कसा बसवला गेला, हे कळलं की तीच दृश्यं वेगळी दिसू लागतात.

(तारखा पडद्यावर: ८ सप्टेंबर १९७३ ते १२ ऑक्टोबर १९७४)

अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने मूळ मालिका तीन पर्व आणि ७९ भागांनंतर बंद केली. पण पुनःप्रक्षेपणात तिचा प्रेक्षक वाढतच गेला. १९७२च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांचा पहिला मोठा मेळावा भरला, तेव्हा मालिका बंद पडून अडीच वर्षं उलटली होती. पुन्हा सेट उभारायचे तर खर्च अफाट. तेव्हा फिल्मेशन या स्टुडिओने अ‍ॅनिमेशनचा मार्ग काढला. त्याच वाहिनीवर शनिवारी सकाळी २२ भाग दाखवले गेले, पहिल्या पर्वात १६ आणि दुसऱ्यात सहा. नामावलीत नाव होतं फक्त 'स्टार ट्रेक'. 'अ‍ॅनिमेटेड सीरिज' हे शेपूट नंतर ओळखीसाठी जोडलं गेलं.

लेखनाची सूत्रं डी. सी. फोंटाना यांच्याकडे होती. मूळ मालिकेच्या कथा-संपादक त्याच. पहिल्या पर्वासाठी त्यांनी जुनेच लेखक बोलावले. योगायोग असा की १९७३ साली अमेरिकेत पटकथालेखकांचा संप चालू होता आणि अ‍ॅनिमेशनचं लेखन त्या संपाच्या कक्षेत येत नव्हतं. त्यामुळे एरवी मुलांच्या कार्यक्रमासाठी लेखणी न उचलणारी माणसं मोकळी सापडली. सॅम्युअल पीपल्स यांनी मूळ मालिकेचा दुसरा पथदर्शी भाग लिहिला होता, अ‍ॅनिमेशनचा पहिला भागही त्यांचाच. डेव्हिड जेरल्ड ट्रिबल नावाच्या केसाळ गोळ्यांना घेऊन परतले. विज्ञानकथाकार लॅरी निव्हन यांनी स्वतःच्याच एका कथेवरून 'द स्लेव्हर वेपन' लिहिला. त्यात कर्क औषधालाही नाही. स्पॉक, संपर्क-अधिकारी उहुरा आणि सुकाणू सांभाळणारा सुलू या तिघांवर अख्खा भाग चालतो.

(पडद्यावर एकावर एक ठेवलेले सेल, म्हणजे चित्र रंगवलेले पारदर्शक ताव)

आता चित्रांचा हिशेब. एक भाग साधारण २४ मिनिटांचा. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर एका भागात ३४,५६० फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी सतरा हजारांवर चित्रं लागतील. शनिवार सकाळच्या पैशांत आणि वेळेत हे कोणालाच जमण्यासारखं नव्हतं. शिवाय फिल्मेशनचा नियम होता की काम परदेशी पाठवायचं नाही, सगळं अमेरिकेतच करायचं. मग चित्रं वाचवायची कशी?

चेहरा एका सेलवर, ओठ दुसऱ्यावर. बोलताना बदलतो तो फक्त ओठांचा सेल. कर्कचा तीन-चतुर्थांश वळलेला चेहरा एकदा नीट काढला की तो पेटीत जपून ठेवायचा आणि पुढच्या भागात पार्श्वभूमी बदलून वापरायचा. स्पॉक दुर्बिणीसारख्या उपकरणात वाकून बघतो, ते दृश्य लक्षात ठेवा, पुन्हापुन्हा भेटेल. कॉरिडॉरमधून धावणारी माणसं, माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टरच्या चकत्यांवर उभी राहिलेली मंडळी, डावीकडून उजवीकडे सरकणारं यान, सगळं या पेटीतलं. यानाच्या वळणांसाठी रोटोस्कोपचा आधार घेतला, म्हणजे चित्रित दृश्यावरून फ्रेमगणिक रेषा गिरवल्या. म्हणून माणसं ताठर दिसली तरी एंटरप्राइझ मात्र डौलात वळतं.

या काटकसरीतली सर्वांत देखणी युक्ती म्हणजे जीवरक्षक पट्टा. मूळ मालिकेत निर्वात जागी जायचं तर अवजड पोशाख घालावा लागे. इथे कमरेला एक पट्टा, बटण दाबलं की अंगाभोवती पिवळसर प्रकाशाची कड. नवा पोशाख काढायला नको, जुनाच चेहरा, जुनाच गणवेश, वर फक्त प्रकाशाची एक रेघ. पैसे वाचवायला काढलेली वाट, पण तेविसाव्या शतकाला शोभणारी.

चुकाही याच पद्धतीतून येतात. साठवलेलं चित्र घाईत उचललं की एखादा चेहरा चुकीच्या गणवेशात येतो. एकाचे ओठ हलतात आणि आवाज दुसऱ्याचा येतो. संगीताचंही तसंच. मोजक्या तुकड्यांची साठवण होती आणि तेच तुकडे बावीसही भागांत फिरतात. नामावलीत इव्हेट ब्ले आणि जेफ मायकेल अशी संगीतकारांची नावं दिसतात. ती टोपणनावं आहेत. त्यांच्यामागे आहेत रे एलिस आणि स्टुडिओचे एक भागीदार नॉर्म प्रेस्कॉट. अलेक्झांडर करेज यांची मूळ शीर्षकधून इथे नाही, तिच्या जवळपासची नवी धून आहे, आणि ती कानाला सुरुवातीला परकी वाटते.

(गुलाबी ट्रिबल्सनी भरलेला कॉरिडॉर)

आणि हा गुलाबी रंग. मूळ मालिकेतले ट्रिबल तपकिरी, करडे, पांढुरके होते. इथे ते गुलाबी झाले. निव्हन यांचे क्रूर, मार्जारकुळातले क्झिंटी योद्धेही गुलाबी पोशाखात अवतरले. दिग्दर्शक हॅल सदरलँड रंगांध होते आणि गुलाबी त्यांना फिका करडा दिसे, हे त्याचं कारण म्हणून बरीच वर्षं सांगितलं गेलं. स्टुडिओत काम केलेल्यांकडून आलेली दुसरी हकीकत रंगविभागाच्या आयर्व्ह कॅप्लन यांच्याकडे बोट दाखवते. रंग तेच ठरवत आणि जांभळ्या-हिरव्या-गुलाबीकडे त्यांचा ओढा होता. दुसरी हकीकत जास्त पटते, कारण गुलाबी रंग नजरचुकीने एखाद्या ठिकाणी आलेला नाही, जागोजागी ठरवून भरलेला दिसतो.

आवाजांकडे वळू. सुरुवातीच्या आराखड्यात पैसे वाचवायला निशेल निकल्स आणि जॉर्ज टाकेई यांना वगळलं होतं. उहुरा आणि सुलू यांना दुसऱ्याच कोणाचे आवाज मिळणार होते. निमॉय यांनी साफ सांगितलं की ते दोघं नसतील तर मीही नाही. तेविसाव्या शतकात सगळ्या वंशांची माणसं एकत्र काम करतात, हे दाखवणारे चेहरेच काढून टाकले तर उरतं काय, हा त्यांचा सवाल होता. दोघंही परत आले. यानाचा मार्ग आखणाऱ्या चेकॉव्हचं काम करणारे वॉल्टर कोनिग मात्र बाहेरच राहिले. त्यांच्याकडून एक भाग लिहून घेतला गेला, 'द इन्फिनिट व्हल्कन', त्यातल्या वनस्पती-माणसांसह आणि राक्षसी आकाराच्या स्पॉकसह. चेकॉव्हच्या खुर्चीत बसला तीन हातांचा, तीन पायांचा अ‍ॅरेक्स. त्याला आवाज दिला जेम्स डूहन यांनी, म्हणजे यानाचा इंजिनियर असलेल्या आपल्या स्कॉटीनेच. डूहन यांनी या मालिकेत पन्नासहून जास्त पात्रं बोलली. मांजरीच्या रूपातली संपर्क-अधिकारी म'रेस ही मेजल बॅरेट यांची. गुरगुरत बोलणारी म'रेस एकदा ओळखीची झाली की तिचं प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकावंसं वाटतं.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. डीव्हीडी संच नोव्हेंबर २००६मध्ये आला, ब्लू-रे नोव्हेंबर २०१६मध्ये. ब्लू-रेवर रेषा लखलखीत दिसते, पण सेलवरची धूळ आणि रंगाचे डागही तितकेच लख्ख दिसतात. तो डिस्कचा दोष समजू नका. मालिका ४:३ मापात बनलेली आहे. टीव्हीवर चित्र ताणून रुंद केलंत तर गोल ग्रह अंडाकृती होतात आणि यानाची तबकडी चपटी पडते. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. त्याहून महत्त्वाचं, नव्या टीव्हीतली मोशन स्मूदिंगची सोय बंद करा. ती दोन फ्रेमांच्या मधली फ्रेम स्वतः तयार करते. इथे एक चित्र मुद्दाम कित्येक फ्रेम स्थिर ठेवलेलं असतं आणि मागचा देखावा सरकत असतो, त्यामुळे पात्रांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. ही मालिका मुळात कमी हलते, तिला मधल्या फ्रेमांची भर नको.

एका बैठकीत दोन भाग पुरे. तिसऱ्या भागापर्यंत तेच चेहरे, तेच संगीत इतक्यांदा येतं की कथेवरचं लक्ष उडतं. प्रक्षेपणाचा क्रम पाळायची गरज नाही, प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. 'मोअर ट्रिबल्स, मोअर ट्रबल्स'ने सुरुवात केली तर मूळ मालिकेचा धागा लगेच जुळतो. नंतर 'द लोरेलाय सिग्नल' घ्या. जहाजावरचे पुरुष एका ग्रहावरच्या स्त्रियांच्या प्रभावाखाली येतात आणि उहुरा एंटरप्राइझची सूत्रं हातात घेते. मूळ मालिकेच्या ७९ भागांत जे तिला मिळालं नाही, ते इथे वीस-बावीस मिनिटांत मिळतं. 'द प्रॅक्टिकल जोकर'मध्ये एक करमणुकीची खोली आहे, हवा तो देखावा उभा करणारी. पुढच्या मालिकांमधला होलोडेक ज्यांनी पाहिलाय, त्यांना ती लगेच ओळखू येईल. 'बेम' हा भाग एका शब्दासाठी बघा. जेम्स टी. कर्कमधल्या 'टी'चा अर्थ टायबेरियस, हे पडद्यावर पहिल्यांदा इथे उच्चारलं गेलं.

'हाउ शार्पर दॅन अ सर्पंट्स टूथ' हा भाग लिहिला रसेल बेट्स आणि डेव्हिड वाइज यांनी. बेट्स स्वतः कायोवा या मूलनिवासी अमेरिकन जमातीतले. माया संस्कृतीतला कुकुलकान देव अंतराळात भेटतो, आणि त्याला ओळखतो तो वॉकिंग बेअर नावाचा कोमांची वंशाचा तरुण अधिकारी. या मालिकेला १९७५मध्ये मुलांच्या विभागात डेटाइम एमी हा अमेरिकी टीव्ही पुरस्कार मिळाला. मूळ मालिकेला नामांकनं अनेक, पुरस्कार एकही नाही. स्टार ट्रेकच्या घरात आलेलं पहिलं एमी हे, आणि ते आलं तेव्हा मालिका बंद झालेली होती.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या बावीस भागांना अधिकृत कथाविश्वातून बाजूला काढलं गेलं. ज्या मालिकेसाठी निमॉय अडून बसले, जिच्यासाठी फोंटाना यांनी इतकी माणसं जमवली, ती जणू घडलीच नाही असं म्हणायचं, हा अन्यायच होता. पण लेखक चाहत्यांमधूनच घडतात आणि चाहते विसरले नव्हते. २००७मध्ये अधिकृत संकेतस्थळाने मालिका पुन्हा आपल्या नोंदींत घेतली. २०२० ते २०२४मधल्या 'लोअर डेक्स' या स्टार ट्रेक मालिकेतली डॉक्टर ट'आना ही म'रेसच्याच जातकुळीतली. शेवटच्या 'द काउंटर-क्लॉक इन्सिडेंट' या भागात एंटरप्राइझचा पहिला कप्तान रॉबर्ट एप्रिल भेटतो. हे नाव 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरी यांच्या १९६४च्या आराखड्यात कप्तानासाठी लिहिलेलं होतं. २०२२मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या मालिकेत तोच एप्रिल हाडामांसाचा होऊन आला.

(लाल आकाश. वाळवंट. एक लहान मुलगा आणि अस्वलासारखा मोठा प्राणी.)

'यस्टरइअर' मात्र राखून ठेवा. चित्रांची सवय झाली की मग बघा. फोंटाना यांनी स्वतः लिहिलेला हा भाग १५ सप्टेंबर १९७३ला दाखवला गेला. स्पॉक भूतकाळातून परततो तर जहाजावर त्याला कोणी ओळखतच नाही. सात वर्षांचा असताना तो वाळवंटात मेला, अशी नोंद आहे. स्वतःला वाचवायला तो दूरचा नातलग बनून व्हल्कनवर, म्हणजे आपल्या ग्रहावर, आपल्याच बालपणात जातो. छोट्या स्पॉकजवळ आय-चाया नावाचा म्हातारा सेलात, म्हणजे अस्वलासारखा पाळीव प्राणी, आहे. मूळ मालिकेतल्या एका भागात स्पॉकच्या आईने या पाळीव प्राण्याचा उल्लेख केला होता, तो भागही फोंटाना यांचाच. इथे तो प्राणी प्रत्यक्ष भेटतो. मुलाला वाचवताना त्याला विषारी जखम होते. मुलगा रात्री वाळवंट तुडवून वैद्याला आणतो. वैद्य दोन वाटा सांगतो: वेदनेत आयुष्य लांबवायचं किंवा शांतपणे सोडवायचं. निवड मुलाने करायची आहे.

शनिवारी सकाळी, मुलांच्या कार्यक्रमात, पाळीव प्राण्याचा मृत्यू दाखवायचा या कल्पनेने वाहिनी धास्तावली होती. रॉडनबेरी फोंटाना यांच्या पाठीशी उभे राहिले आणि दृश्य तसंच राहिलं. मुलगा प्राण्याशेजारी गुडघे टेकून बसतो. चित्रात फारसं काही हलत नाही. वीस भागांपूर्वी खटकलेला तोच स्थिर चेहरा, तीच न हलणारी मान, पण इथे ती एका व्हल्कन मुलाची आहे, ज्याने आत्ताच ठरवलंय की यापुढे रडायचं नाही.

स्पॉक जहाजावर परततो. कर्कला सांगतो, एवढंच बदललं, एक पाळीव प्राणी मेला. कर्कला वाटतं, काळाच्या ओघात त्याने काय फरक पडणार. निमॉय उत्तर देतात ते जेमतेम तीन-चार शब्दांचं. तेव्हा आवाज थोडा मोठा ठेवा.